कुणी न्हाई, आईच हाय

अकराचं सेशन म्हणून सीमानं पावणेअकरालाच गॅस बंद केला, वरण झाकून ठेवलं आणि लॅपटॉप उघडला. दौंडच्या त्या दोन खोल्यांत तिचा दवाखाना म्हणजे एक टेबल, एक हेडफोन आणि पाण्याची बाटली. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती ऑनलाइन समुपदेशन करायची. कुणाला झोप नाही, कुणाला नोकरी जायची धास्ती, कुणाला नवं घर सोसत नाही. माणसं आपापल्या गावी, सीमा दौंडला, आणि मध्ये रडतखडत चालणारं नेटवर्क.

कामाचा पहिला नियम साधा होता. सुरुवातीलाच विचारायचं, "खोलीत अजून कोणी आहे का?" समोरच्याला मोकळं बोलता यावं म्हणून. आता खेड्यातल्या घरात एकटेपणा मागायचा म्हणजे चेष्टाच की. कुणी गोठ्यात जाऊन बोले, कुणी बंद गाडीत बसून. शिरूरकडचा विक्रम मात्र घरातूनच बोलायचा आणि दर वेळी एकच उत्तर द्यायचा.

"कुणी न्हाई मॅडम. आईच हाय."

पहिल्यांदा सीमाला हसू आलं. आईला माणसांत न मोजण्याची ही आपल्याकडची रीतच. नियमाप्रमाणे तिनं आईंना बाहेर बसवायला सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. पलीकडून सुपात काहीतरी पाखडल्याचा आवाज यायचा, संथ, एका लयीत, आणि तो ऐकून सीमालाच बरं वाटायचं. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. आता तिला स्वतःला सातवा महिना लागला होता. आधीचं एक तिसऱ्या महिन्यातच गेलेलं, त्यामुळे या खेपेला जीव सारखा टांगणीला. आणि हक्कानं जाऊन पडावं असं माहेर उरलं नव्हतं. जगाची दुखणी ऐकणाऱ्या बाईनं आपलं दुखणं कुणाला सांगायचं?

विक्रम रांजणगावला एका कारखान्यात ऑपरेटर होता. कारेगावात फ्लॅट घेतला होता, बायको अपेक्षा तिथं राहायला गेलीही होती. हा मात्र गावचं घर सोडायचं म्हटलं की घामाघूम व्हायचा, छाती आवळायची. महिनाभर कामावरही गेला नव्हता. "आई एकटी पडंल," एवढंच म्हणायचा. पाचव्या सेशनला त्यानं सांगितलं, की अपेक्षा आता सोडून जायचं म्हणतेय. तेव्हा सीमानं ठरवलं, दुखण्याच्या मुळालाच हात घालायचा.

"विक्रम, आज मी आईंशीच बोलते. चालेल?"

पाखडणं थांबलं.

"तुम्ही... बोलाल तिच्याशी?" त्यानं विचारलं. "तिच्याशी कुणीच बोलत न्हाई ओ."

सीमाला फार वाईट वाटलं. नेट पुरत नाही म्हणून त्यानं कॅमेरा कधीच लावला नव्हता, तीही बंदच ठेवायची. काळ्या पडद्याकडे बघत ती म्हणाली, "नमस्कार आई. ऐकू येतंय ना?"

मग तिच्या खोलीत मिश्रीचा वास आला. भाजलेल्या तंबाखूचा, खरपूस, घशाला लागणारा. खिडकी बंद होती. शेजारच्यांकडचा असेल, तिनं मनाशी म्हटलं.

"येतंय..." बाईचा आवाज आला. तो हेडफोनमधून आला की उजव्या खांद्यामागून, हे तिला नीट कळलं नाही. मागे वळून बघायचं मात्र तिनं टाळलं.

"आई, लेकाचा संसार आहे. आता त्याला मोकळं सोडा."

"सोडते की. पर मंग म्या कुणासाठी ऱ्हाऊ?"

इथं सीमा चुकली. चुकली म्हणजे काय, एकट्या पडलेल्या बाईला धीर देताना आपल्या सगळ्यांच्या तोंडी जे पहिलं येतं, तेच बोलली.

"मला तुमची लेकच समजा ना, आई."

मग अगदी जवळून एक श्वास ऐकू आला.

"कितवा चाललाय?"

सीमाचा हात पोटावर गेला. पोटुशी असल्याचं तिनं अजून कंपनीलाही कळवलं नव्हतं. तरीही, वडीलधाऱ्या बाईनं विचारल्यावर उत्तर आपसूक जातं तसं गेलं.

"सा... सातवा."

"बरं केलंस सांगितलंस, बाय. पयलं बाळंतपण माझ्याकडंच करायचं. लेकीचं पयलं आईकडंच आसतं."

कॉल तुटला. वास दुपारपर्यंत रेंगाळला.

तिसऱ्या दिवशी कंपनीनं अपेक्षाचा फोन जोडून दिला. ती हसत होती आणि रडतही होती. "मॅडम, हे आले! बॅग घेऊन आपले आपण आले. रात्रभर गाढ झोपले, आज कामावर बी गेले. काय केलंत वो तुम्ही?"

"मी काही नाही. तुमच्या सासूबाईंनीच मोठं मन केलं."

पलीकडचं हसू विझलं. "सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं, मॅडम. रिकाम्या घरात एकटंच बोलत बसायचे हे... म्हणून तर तुमच्याकडं बोलायला लावलं."

सीमानं नवऱ्याला, धम्मदीपला, सगळं सांगितलं. त्यांच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. तो चिडला नाही, हसलाही नाही. "तू दमलीयस. रजा घे," एवढंच म्हणाला. तिनं रजा घेतली, लॅपटॉप कपाटात टाकला. रात्री झोप लागेना. पुढे काय होईल या भीतीनं ती हैराण झाली होती, आणि हीच भीती कशी घालवायची हे आपण रोज दुसऱ्यांना शिकवत आलो, याची तिला लाज वाटत होती.

आठव्या दिवशी सकाळी बाळ हलेना.

ती डाव्या कुशीवर पडून राहिली, साखरपाणी प्यायली, पोटाला हात लावून हाका मारल्या. काहीच नाही. धम्मदीप रिक्षा आणायला धावला. दवाखाना दहा मिनिटांवर होता. पाचेक मिनिटांत दार वाजलं, तशी ती भिंत धरत उठली आणि तिनं कडी काढली.

दारात तिशीचा एक माणूस उभा होता. अंगात कारखान्याचा राखाडी गणवेश. चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता, आवाज मात्र ओळखीचा होता.

"ताई," तो म्हणाला. मॅडम नाही. "झाली का तयारी? मुराळी म्हणून आलोय, तुमास्नी माहेरी न्यायला."

"विक्रम... माझा पत्ता कुणी दिला?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "आईनं. खाली गाडीत बसलीय ती."

मी येणार नाही, निघून जा, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला, आणि सकाळपासून निपचित पडलेल्या बाळानं जोरात लाथ मारली. मग दुसरी. सीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं की भीतीचं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिनं दार लोटायला हात पुढे केला, तसं बाळ एकदम थांबलं. हात मागे घेतला, तसं पुन्हा हललं.

विक्रम तिच्या पोटाकडे बघून मायेनं हसला.

"चला ताई," तो हळूच म्हणाला, "भाचरू निघालं बी."