जातानाचं अंतर

"बाबा, तुम्ही येतानाची वाट कधी मोजलीय का हो?"

हा प्रश्न मी बाबांच्या ऑफिसात जाऊन विचारला. तोही त्यांच्या साहेबांसमोर, सगळे चहा पीत असताना. तोंड माझं असलं तरी डोकं मैत्रिणींचं होतं. लंबू आणि चष्मिस खिडकीबाहेर उभ्या राहून हसू दाबत होत्या. "साहेबांसमोर विचारलंस तर मानलं तुला," असं लंबू म्हणाली होती. मला कुणी असं म्हटलं की मी थोडीच थांबतेय! वादविवाद स्पर्धेत पहिली आल्यापासून माझ्या तोंडाला झाकण राहिलेलं नाही, असं आई म्हणते. आधी मी वर्गात साधी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. आता मला प्रश्न विचारायला आवडतं.

त्याचं झालं असं, की आदल्या आठवड्यात आमच्या वर्गाची सहल नदीकाठच्या वाटेवर गेली होती. चष्मिसच्या हातात पावलं मोजणारं घड्याळ. धबधब्यापर्यंत जाताना बावीसशे पावलं झाली आणि त्याच वाटेने परत येताना तेहतीसशे. "घड्याळ बिघडलंय," असं सगळे म्हणाले. पण जाताना अर्धा तास लागला आणि येताना पाऊण तास, हे माझ्याही लक्षात आलं होतं.

ती वाट बाबांनीच मोजलेली. डोंगरातल्या वाटा मोजायच्या आणि पाट्या लावायच्या, हेच त्यांचं काम. काठीच्या टोकाला एक चाक असतं, ते ढकलत चालायचं, की चाकावरच्या खिडकीत मीटर पडत जातात. फाटकावरची पाटी त्यांच्याच अक्षरात आहे : 'सहकुटुंब चालण्यासाठी सोपी वाट. धबधबा दीड किलोमीटर. लहान मुले व ज्येष्ठ नागरिकांनाही सहज शक्य.'

साहेब हसले. "काय गं, वाट जाताना एक आणि येताना दुसरी असते का?"

बाबा हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले. "येताना चाक खांद्यावर असतं," ते म्हणाले. "दगडांवरून ढकलून हात भरून येतात. सगळे मोजणीवाले जातानाचंच मोजतात आणि दुप्पट करतात."

"म्हणजे नाही मोजली."

"नाही मोजली."

खिडकीबाहेर चष्मिसने दोन्ही हात वर केले, मॅच जिंकल्यासारखे.

रविवारी आम्ही चौघं निघालो. बाबा, आई, मी आणि आजोबा. आजोबा म्हणजे आईचे वडील, तिचे अण्णा. चाळीस वर्षं बस चालवलेले. ते कधी पायी कुठे जात नाहीत, पण पाटी वाचून म्हणाले, "जावईबापूंनी लेखी दिलंय, ज्येष्ठांना सहज शक्य. मग आपली गाडी काढायला काय हरकत आहे?" त्यासाठी आईने त्यांना नवे बूट घेऊन दिले होते. बूट करकर वाजत होते आणि आजोबा दर वळणावर तोंडाने हॉर्न देत होते.

फाटकातून उतरलं की लाकडी पुलापर्यंत वाट अगदी सरळ आहे. तीनशे मीटर. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला गवत, मध्ये आडोसा नाही. फाटक जरा उंचावर असल्यामुळे पुलापर्यंतचं माणूस तिथून स्वच्छ दिसतं. पुलापलीकडे जंगल सुरू होतं. ओल्या पानांचा वास, पायाखाली मुळं, आणि नदीचा आवाज कधी उजवीकडून, कधी डावीकडून.

धबधब्याशी चाकावर आकडा होता एक हजार पाचशे बारा. बाबांनी तो मला मुद्दाम वाचायला लावला. मग त्यांनी आकडे शून्यावर आणले, चाक उलट दिशेला वळवलं आणि आम्ही परत निघालो.

पुलाशी पोचलो तेव्हाच आकडा एक हजार नऊशे होता. बाबा थांबले नाहीत. ते पुटपुटत चाकाकडे बघत चालले होते, मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि आई आमच्याकडे बघत होती.

आजोबा पुलाच्या कठड्यावर टेकले. "तुम्ही व्हा पुढे. इंजिन जरा गार करतो. दहा मिनिटं लेट."

आम्ही पुढे झालो.

फाटकाशी आकडा होता दोन हजार सहाशे चार.

बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मी मात्र खुशीत होते. सोमवारी वर्गात हे कसं सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात आई म्हणाली, "अण्णा निघाले वाटतं."

आजोबा पुलाच्या अलीकडे आले होते आणि चालत होते. त्यांनी हातातली चालायची काठी वर करून हलवली. आम्हीही हात हलवले.

आम्ही पाणी प्यायलो. डबा उघडून खाल्ला. आईने त्यांचा वाटा झाकून ठेवला.

आजोबा पुलाच्या अलीकडे होते आणि चालत होते.

"जागच्या जागी चालायची शर्यत लावलीय का आजोबांनी?" मी म्हणाले. कुणी हसलं नाही. काठी पुढे पडत होती. पाय उचलले जात होते. मागचा पूल मात्र त्यांच्यापासून हातभरही लांब गेला नव्हता.

मी पळत खाली गेले. दोन मिनिटांत त्यांच्यापाशी पोचले. ते घामाने भिजले होते.

"आलोच की गं," ते म्हणाले. "चढ लागतोय जरा."

तिथे चढ नव्हता.

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही चालू लागलो. समोर फाटक, फाटकाशी आई, तिच्या हातात डबा. आम्ही चाललो. आजोबांनी बस बंद पडली तेव्हाचे दोन किस्से सांगितले. आम्ही चाललो. आई तेवढीच दिसत होती. मी मागे वळून पाहिलं तर पूल नव्हता. नुसती वाट होती, सरळ, नजर जाईल तिथपर्यंत.

आजोबांनीही मागे पाहिलं. मग माझा हात त्यांनीच सोडला.

"तू पळ," ते म्हणाले. "मी माझ्या स्पीडने येतो."

"मी थांबते ना."

"पळ म्हटलं ना."

मी पळाले. शाळेत चारशे मीटरला मी दुसरी येते. त्या दिवशी मी दुपारी एकपासून उन्हं उतरेपर्यंत पळत होते. फाटकाशी आडवी झाले तेव्हा आई म्हणाली, "अगं, तू तर त्यांच्यापासून पाच पावलांवर होतीस. इतका वेळ काय करत होतीस?"

सोमवारी बाबांच्या साहेबांनी स्ट्रेचर घेऊन दोन माणसं पाठवली. तगडी, दोर लावून दरीतून माणसं काढणारी. चार मिनिटांत ती आजोबांपाशी पोचली. आजोबांना उचललं आणि वळली.

मंगळवारी सकाळी फाटकावरून तिघं दिसत होते. स्ट्रेचर गवतात पडलेलं होतं. तिघंही चालत होते.

वाट बंद झाली. फाटकाला साखळी लागली. साहेब रोज येतात, दुर्बिणीतून बघतात, कुणाला तरी फोन करतात. त्यांनी हेलिकॉप्टरमधून दोर सोडायचाही प्रयत्न केला. दोर जमिनीला टेकला. तिघं त्याच्याकडे चालत राहिले. दोघा स्ट्रेचरवाल्यांच्या बायका फाटकाशी येऊन बसतात. एकीने मला विचारलं, "तूच का ती? मोजायला लावलंस ती?"

मला उत्तर येतं. वाट आधीपासूनच वाढत होती, चष्मिसच्या घड्याळात तसं दिसलं होतं. कदाचित आमच्या चाकाने तिला फरक पडला नसेल. पण मी हे बोलले नाही. वादविवादात असतं तर बोलले असते.

बाबा तिघांचा डबा घेऊन गेले. मंगळवारी दुपारी उतरले आणि बुधवारी संध्याकाळी परत आले. कुठेही न बसता. म्हणाले, ती दोघं आजोबांना सोडून पुढे यायला तयार नाहीत आणि आजोबांच्या बुटांचे तळ गेलेत. नवे बूट, रविवारचे. मोजे रस्त्याला लागतायत.

गुरुवारी पहाटे ते दुसरे बूट आणि डबा घेऊन पुन्हा उतरले. चार मिनिटांत पोचले. आजोबांनी बूट घातले, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांना ढकलून पुढे काढलं, हे मी फाटकावरून पाहिलं.

बाबा शनिवारी रात्री पोचले. शेवटचा तुकडा त्यांनी गुडघ्यांवर काढला. फाटकापासून दहा पावलांवर ते कितीतरी तास रांगत होते आणि आई साखळीला धरून त्यांना हाका मारत होती. तिने पाऊल टाकलं असतं तर तीही वाटेवर आली असती, म्हणून मी तिला कमरेला धरून ठेवलं होतं.

आज रविवार आहे.

सकाळी स्वयंपाकघरात आले तर बाबा खुर्चीवर, पाय बादलीत, पाणी लालसर. आई ओट्याशी पिशवी भरत होती. तीन डबे, पाण्याच्या सहा बाटल्या, बँडेजचा रोल, अण्णांचा स्वेटर. तिने केस घट्ट बांधले होते आणि माझे खेळाचे बूट घातले होते. आमचं माप एकच आहे.

बाबा तिला जा म्हणत नव्हते. जाऊ नको असंही म्हणत नव्हते. बादलीत बघत होते.

मी गणिताची वही आणली. रात्री मांडलेलं होतं. माझे पाच तास, बाबांचे सव्वीस, मग पासष्ट. आई तासाला किती चालते, ते मला माहीत आहे. तिला परत यायला किती तास लागतील, ते मी दोनदा करून पाहिलं होतं, कारण पहिल्या वेळी उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्या वेळीही आलं नाही. वाट तिच्यापेक्षा जोरात वाढते.

वही मी ओट्यावर ठेवली. आईने ती बाजूला सरकवली आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"ते उपाशी आहेत," ती म्हणाली. "माझे वडील आहेत ते."

"माहितीय."

"मग बाजूला हो."

मी दारात उभी होते. मी हललेच नाही. माझा आवाज अगदी स्पष्ट आला, स्टेजवर येतो तसा, आणि मला त्याची लाज वाटली.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हणाले. "आजपासून कुणीही खाली उतरायचं नाही. तू नाही, बाबा नाहीत, मी नाही. रोज सकाळी फाटकाशी जायचं आणि रिकामा डबा हातात धरून उभं राहायचं, म्हणजे आपण निघतोच आहोत असं त्यांना तिथून दिसेल."