भिंतीत ठेवलेला तुकडा

त्या सकाळी मी शकुबाईंकडं विरजण मागायला गेले. विरजण माझ्या घरात होतं. पण त्यांच्याकडं प्लंबर आल्याचं कळलं होतं आणि काय चाललंय ते बघितल्याशिवाय माझं पोळ्यांत लक्ष लागेना. दोन हजार चार साल असेल. नाशिकच्या सिडकोतली आमची बैठी घरं. त्यांची-माझी भिंत एकच.

मोरीत बहिरू प्लंबर खडूनं भिंतीवर रेघा ओढत होता. इथं शॉवर, इथं गिझर, इथून गरम, इथून गार. झिरी मारून सगळे पाइप भिंतीत घालायचे आणि वरून टाइल. आई मोरीत घसरून पडली तेव्हापासून प्रफुल्लनं, शकुबाईंच्या मुलानं, या कामाचा ध्यासच घेतला होता.

"मावशी, एक पाइप दिसणार नाही बघा," प्रफुल्ल मला म्हणाला.

"आणि आत गळला, तर ते कसं दिसणार?"

"तुम्ही आहात ना लक्ष ठेवायला."

मी हसले. शकुबाई हसल्या नाहीत. त्या कोपऱ्यातल्या जुन्या लोखंडी पाइपाला हात लावून उभ्या होत्या.

त्या पाइपाचं सांगायला हवं. आमच्याकडं पाणी पहाटे यायचं, पण वेळेचा भरवसा नाही. शकुबाईंचे मालक भिकनभाऊ सगळ्यांच्या आधी उठायचे. नळ फुसफुसला की पान्यानं पाइपावर दोन ठोके द्यायचे. टण्… टण्. लोखंडातून तो आवाज ओळीतल्या सगळ्या घरांत जायचा आणि आम्ही बायका हंडे घेऊन उठायचो.

मागच्या उन्हाळ्यात भिकनभाऊ गेले. ठोके थांबले नाहीत. बाकीच्या घरांत जाईनासे झाले, एवढंच. शकुबाईंना यायचे, आणि भिंतीपलीकडं मला. हळू, झोपलेल्या माणसाला दचकू न देता उठवावं तसे. आम्ही दोघी त्यावर एकदाच बोललो. "येतात ते," शकुबाई म्हणाल्या. "तेवढाच आधार." प्रफुल्लला मात्र कधी काही ऐकू आलं नाही.

"हा पाइप राहू दे," त्या आता म्हणाल्या.

"आई, गंजलाय तो. लाल पाणी येतं."

"पाणी नको त्यात. नुसता राहू दे. मी काही जास्त मागते का?"

बहिरूनं खडू कानामागं खोचला. "आजी, लाइनीला ठेवला तर गळंल. त्यापेक्षा हातभर तुकडा कापून भिंतीतच ठेवतो. दोन्ही तोंडाला प्लग मारू, मग तरास नाय."

शकुबाईंचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. तो तुकडा प्रफुल्लनं स्वतःच्या हातानं झिरीत बसवला, दोन्ही बुचं घट्ट आवळली. वर सिमेंट गेलं, वर निळ्या टाइल बसल्या.

काम संपलं, त्याच्या दुसऱ्या पहाटे मी अंथरुणात कान देऊन पडले होते. ओल्या सिमेंटचा वास भिंतीतून माझ्या घरात उतरला होता. बाहेर मिट्ट काळोख. नळ फुसफुसला. आणि ठोके आले…

दोन नव्हते. एकामागून एक, घाईघाईनं, वर, खाली, कुठंही पडणारे. पाणी आलंय म्हणून सांगणारे नव्हते ते. बाहेरून कडी लागल्यावर आतलं माणूस दार ठोकतं, तसे…

मी पदर सावरत शेजारी धावले. दार उघडंच होतं. शकुबाई नव्या मोरीत टाइलला गाल लावून उभ्या होत्या.

"सिंधूताई… आपण कोंडलं त्यांना."

मागं प्रफुल्ल येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघितला आणि कळलं, आज त्यालाही ऐकू येत होतं.

"दादा…" तो म्हणाला. वडलांना तो दादा म्हणायचा.

त्यानं छन्नी-हातोडी आणली. निळ्या टाइलच्या खपल्या त्याच्या पायांवर पडत होत्या. तो हातोडी मारायचा, थांबून ऐकायचा, पुन्हा मारायचा. आतले ठोके मंदावत चालले होते, दमलेल्या माणसाचे असावेत तसे. "आलो दादा, आलो," असं तो पुटपुटत होता. लोखंड हाती लागलं तेव्हा एकच ठोका आला… अगदी बारीक. बूच फिरेना. त्याच्या तळहाताची सालटी निघाली. शेवटी ते सुटलं, आणि आतून ऊन हवा आली, कुणी तोंडाजवळ श्वास सोडावा तशी. मग तीही संपली.

त्यानंतर ठोका कधी आला नाही. पाणी येतं, मी गजर लावून उठते.

पण त्या दिवशी उजाडता उजाडता जे बघितलं, ते काही जात नाही डोळ्यांपुढून. शकुबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, पाइपाचा तुकडा मांडीवर घेऊन. जाड लोखंड, आणि त्याच्या अंगभर टेंगळं आली होती. सगळी आतून बाहेर आलेली. शकुबाई एकेका टेंगळावरून बोट फिरवत होत्या.

"फार लागलं का हो?" त्यांनी हळूच विचारलं, आणि कान पाइपाच्या तोंडाशी नेला.