सिमेंट धरेपर्यंत

शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत ती नापास झाली, तेव्हा कचेरीतल्या भिंतीवर एक माणूस शिडीवर चढून वाहतूक चिन्हांचा नवा तक्ता ठोकत होता. चिन्हांचे नऊ प्रश्न, नऊच्या नऊ चुकलेले. ती तोंड पाडून बाकावर बसली. शिडीवरच्या माणसाने तोंडातला खिळा काढला आणि खाली न बघताच म्हणाला, "चिन्हं ना? सगळ्यांची तिथंच दांडी उडते."

"सगळे त्रिकोण सारखेच दिसतात," ती वैतागून म्हणाली.

"सारखेच आहेत. सगळे एकच सांगतात – सांभाळून. कशापासून सांभाळायचं, ते आतल्या चित्रात."

आज त्या दिवसाला वीस वर्षं होऊन गेली. पण त्याच्या नखांतला लाल रंग आणि त्या कचेरीचा जुन्या कागदांचा वास तिला अजून जसाच्या तसा आठवतो.

परवाना तिला हौसेसाठी नको होता. तिचे बाबा गुरांचे डॉक्टर. एका अवखळ गाईने लाथ मारली आणि त्यांचा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला. ब्रेकवर पाय दाबता येईना. लांबच्या गोठ्यांवरून निरोप यायचे आणि बाबा ओसरीवर बसून नुसतं औषध सांगायचे. एकदा त्यांनी सांगितलेल्या औषधाचा उपयोग झाला नाही, जनावर गेलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने परवान्याचा अर्ज भरला होता.

शिडीवरच्या त्या माणसाला सगळे रंगारी म्हणायचे. रस्ते खात्याच्या शेडमध्ये तो फलक रंगवायचा आणि रस्त्यावर नेऊन रोवायचा. ती चिन्हं शिकायला संध्याकाळी शेडवर जाऊ लागली. आठ दिवस त्याने तिला फलक दाखवले, आठ दिवस तिने अरुंद पूल आणि अरुंद रस्ता यांची अदलाबदल केली. शेवटी त्याने ब्रश धुऊन ठेवला आणि म्हणाला, पाठ करून हे डोक्यात बसायचं नाही, चला रस्त्यावर.

मग रोज गावाबाहेरच्या रस्त्याने चालणं सुरू झालं. एखाद्या फलकाजवळ आलं, की तो पुढे पळत जाऊन त्याच्यासमोर हात पसरून उभा राहायचा. तिने फलक न बघता रस्ता बघायचा आणि सांगायचं, की इथे कोणता त्रिकोण असायला हवा. सुरुवातीला ती ठोकून द्यायची. हळूहळू तिला रस्ता दिसू लागला – झाडांच्या रांगेवरून कळणारं वळण, कडेला वाहून आलेली वाळू, भिंतीपलीकडून येणारा शाळेचा गलका.

"आणि हे दिसल्यावर काय कराल?" तो विचारायचा.

"वेग कमी करीन."

"प्रत्येक वेळी हेच उत्तर?"

"चुकतंय का?"

"नाही..." तो हसायचा. "तुमचं बरोबर असतं, हीच पंचाईत आहे."

एका संध्याकाळी तो असाच एका ठिकाणी हात पसरून उभा राहिला. तिने डोळे बारीक करून रस्ता न्याहाळला. उतार? नाही. फाटा? तोही नाही. सरळ, मोकळा रस्ता, दोन्हीकडे वाऱ्यावर हलणारं गवत. शेवटी तिने हार मानली. तो बाजूला झाला – मागे फलक नव्हताच.

"मग उभे कशाला राहिलात?"

"जरा वेळ तुमच्यासमोर उभं राहावंसं वाटलं," तो म्हणाला आणि लगबगीने चालू लागला.

दुसऱ्या खेपेला तिचे नऊपैकी नऊ आले. निकालाचा कागद हातात धरून ती धापा टाकत शेडवर पोचली, तर तो ट्रकमध्ये खांब चढवत होता. डोंगरातला नवा रस्ता, सहा महिन्यांचं काम, मुक्काम तिथेच तंबूत. कागद त्याने दोनदा वाचला.

"सावकाश चालवा," तो म्हणाला.

"तुम्हीपण," ती म्हणाली. त्याच्याकडे साधी सायकलसुद्धा नव्हती. इतके दिवस बोलायचं असलेलं सगळं सोडून आपण असलं काहीतरी बोललो, म्हणून ती वाटभर स्वतःवर चिडत रडली.

पुढे पक्का परवाना मिळाला. शेजारी बाबा बसायचे आणि क्लचवरून कुरकुर करायचे. गोठ्यांवर त्यांचा हात पुन्हा चालू लागला, ते पुन्हा पोटभर जेवू लागले. तिचं मात्र कशात लक्ष लागेना.

हिवाळ्यात डोंगरातल्या वस्तीवरून निरोप आला. गाय अडली होती. पहाटे निघून ते वेळेत पोचले, वासरू सुखरूप झालं. दुपारी परतताना एका वळणाअलीकडे तिला तो दिसला. गुडघ्यांवर बसून, नुकत्याच रोवलेल्या खांबाला त्याने दोन्ही हातांनी मिठी मारली होती. तिने गाडी कडेला घेतली.

बाबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "माझा गुडघा दुखतोय, मी इथेच बसतो," म्हणाले आणि त्यांनी काच वर केली.

तो उठायला धडपडला, पण खांब कलला, तसा पुन्हा खाली बसला. ओलं सिमेंट होतं, हात सोडता येत नव्हता. वाऱ्याने त्याचे केस डोळ्यांवर येत होते आणि त्याला ते बाजूलाही करता येत नव्हते. तिने वाकून ते बाजूला केले.

"जाताना काहीच का बोलला नाहीत?"

"काय बोलणार? सहा महिने इथे, सहा महिने तिथे. तंबूत राहणारा माणूस मी. आणि तुम्हाला तर बाबांजवळच राहायला हवं."

"शेडमध्ये कायमची जागा नसते?"

"असते. मी कधी मागितली नाही."

"का?"

"मागायला काही कारणच नव्हतं."

"आता मागा," ती म्हणाली.

त्याने होकारार्थी मान हलवली, आणि सिमेंट धरायला किती वेळ लागतो असं तिने विचारलं, तेव्हा अजून तासभर, असं चाचरत म्हणाला. तिने ओढणी कमरेला खोचली, समोर गुडघे टेकून बसली आणि खांबाला पलीकडून धरलं. त्याच्या थंड बोटांवर तिची बोटं आली. कुणीच हात काढला नाही.

गाडीत बाबांनी डोळ्यांवर टोपी ओढली आणि झोपेचं सोंग घेतलं.