आकड्याची शेपटी

वाफेने माल उकळून वेगळा करणाऱ्या टॉवरच्या माथ्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळला तेव्हा बाई जिन्यातच होत्या. एका जागी बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी असूनही सगळे पाठीमागे त्यांना भिंगरीबाई म्हणत आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या तशाच खाली धावल्या.

म्हाताऱ्या ऑपरेटरने वाफेचा व्हॉल्व्ह हाताने बंद करून टॉवर वाचवला होता. पण त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्याला रुग्णवाहिकेत चढवून बाई कंट्रोल रूममध्ये आल्या, तोवर मॅनेजर साहेबांनी निकाल लावूनही टाकला होता.

"शीटवालीची चूक. काल सकाळी तिने शीटमध्ये नवी ओळ घातली. लिंक बिघडली, वाफ जास्त सुटली. तुम्ही अहवाल द्या, दुपारी टॉवर चालू करू."

शीटवाली, म्हणजे टॉवरच्या हिशेबाची संगणकावरची शीट सांभाळणारी मुलगी, कोपऱ्यात खाली मान घालून उभी होती. भाजलेला ऑपरेटर तिचा बाप होता.

अपघातानंतर एवढी घाई करणाऱ्या माणसाची त्यांना चीडच यायची. त्यांनी साहेबांना वर पाठवलं आणि शिफ्ट इंजिनियरला गाठलं.

"वाफ किती सोडायची, हे कुठून कळतं?"

"शीटमधून, मॅडम. लॅब मालाची तपासणी शीटमध्ये भरते. शीट ती सिम्युलेटरला देते. सिम्युलेटर संगणकातच टॉवर चालवून बघतो आणि वाफेचा आकडा शीटला परत देतो. मी तो फळ्यावर लिहितो आणि तेवढी वाफ सोडतो."

"आज सिम्युलेटर चालवलात? की कंटाळा केलात?"

"चालवला. शपथेवर सांगतो."

बाई येरझारा घालता घालता फळ्यापाशी थांबल्या. कालच्या तारखेखाली ४.२८३१६. आजच्या तारखेखाली ४.२८३१६.

"एवढे अंक कशाला?"

"जसं दिसतं तसं उतरवायची सवय आहे."

"माल कालचाच होता?"

"नाही. आज हलका आला. त्याला वाफ कमी लागते."

बाईंनी सिम्युलेटरची खिडकी उघडायला लावली. तो सकाळी खरंच चालला होता आणि त्याचं उत्तर तीनच्या आसपास होतं. मग शीट उघडली. तिथेही तेच उत्तर. लिंक ठणठणीत!

इंजिनियरच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, सकाळी शीटमध्ये फळ्यावरचाच आकडा होता! व्हॉल्व्ह सुटल्यावर मी खोली उघडी टाकून टॉवरकडे पळालो. परत आलो तर साहेब इथे होते, आणि शीटवाली नुकतीच आत येत होती. शीट मी बघितलीसुद्धा नाही."

म्हणजे अपघातानंतर कुणीतरी शीट दुरुस्त केली होती. कुणी? बाईंनी पेनाचं टोपण चार वेळा उघडलं आणि मिटलं.

शीटवालीचं टेबल शेजारच्याच खोलीत होतं. टेबलावर तिचा फोन थरथरत होता. पडद्यावर 'आई'. तिने तो उचलला नाही.

"घे की."

"नको मॅडम. आई हॉस्पिटलमध्ये आहे, लगेच बाबांकडे देईल." तिने डोळे पुसले. "काय सांगू त्यांना? माझ्या शीटने तुमचा हात भाजला?"

"ते अजून ठरायचंय. रडायचं नंतर, आधी मला सांग. सकाळी आल्यावर शीट दुरुस्त केलीस?"

"हातच नाही लावला. बाबांना नेताना बघितलं आणि मला काही सुचेना."

"एका मालाचा आकडा दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा येऊ शकतो?"

तिने नकळत मान वर केली. कामाचं बोलणं निघताच तिचा आवाज सावरला. "कधीच नाही. तोच माल दिला तरी नाही. सिम्युलेटर चाचपडत चाचपडत उत्तराजवळ जातो आणि पुरेसं जवळ आलं की थांबतो. पुढचे अंक जुळतात, शेपटी दर वेळी जरा हलते."

"शीटला कुलूप आहे ना?"

"पासवर्ड आहे. तो माझ्याकडे आणि मॅनेजर साहेबांकडे. मी आजारी पडले तर अडायला नको म्हणून मीच दिला."

"उत्तराच्या कप्प्यातलं सूत्र दाखव बघू."

तिने कप्पा उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे माझं नाही. मी उत्तराला नाव देते, 'वाफ'. नावानेच बोलावते. इथे कुणीतरी कप्प्याचा पत्ता दिलाय. असं मी कधीच करत नाही. कुणी ओळ घातली की पत्ता चुकतो."

फोन पुन्हा थरथरला. बाई उठल्याच होत्या.

साहेबांच्या खोलीत भिंतीवरचा पांढरा पडदा अजून खाली सोडलेला होता. टेबलावर पुष्पगुच्छ माना टाकून पडला होता.

"पाहुणे होते वाटतं?"

"काल दुपारी. मुख्य कार्यालयाचे. अहवाल झाला?"

"होतोय. जरा शीट दाखवता? तुमच्याच लॅपटॉपवर."

साहेबांनी नाराजीने फाइल उघडली. उत्तराच्या कप्प्यात आकड्याऐवजी एरर आली.

"माझ्याकडे सिम्युलेटर नाही ना," ते म्हणाले. "परवाना फक्त खालच्या दोन मशीनला आहे. शीट सगळ्यांची एकच, पण इथे हे असंच दिसतं."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि जिना दोन-दोन पायऱ्या उतरल्या.

थोड्या वेळाने कंट्रोल रूममध्ये चौघं जमले. तिघं बसले. बाई अर्थातच उभ्या.

"शीटवालीच्या ओळीने लिंक बिघडली असती, तर आकडा चुकीचा आला असता, पण वेगळा आला असता," त्यांनी सुरुवात केली. "आला तो कालचाच, शेपटीसकट. म्हणजे तो सिम्युलेटरकडून आलाच नव्हता. कुणीतरी सूत्र पुसून फळ्यावरचा कालचा आकडा हाताने ठोकला होता. इंजिनियर, तुम्ही सिम्युलेटर चालवलात, पण शीट ऐकायलाच तयार नव्हती. सारखे आकडे शेजारी शेजारी लिहिताना डोळे कुठे होते, ते आपण नंतर बोलू."

इंजिनियरने मान खाली घातली.

"आता, जिवंत लिंक मारायची गरज कुणाला? खालच्या मशीनवर कुणालाच नाही. इथे उत्तर आपोआप येतं. गरज त्याला, ज्याच्या मशीनवर ती लिंक जिवंतच होत नाही. आणि ज्याला काल दुपारी मोठ्या पडद्यावर पाहुण्यांसमोर एरर नको होती."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

"शिवाय पासवर्ड दोघांकडेच. परत घातलेलं सूत्र या मुलीच्या पद्धतीचं नाही. आणि खोली रिकामी असताना सगळ्यात आधी इथे पोचलात तुम्ही."

साहेबांचा आवाज आला, अगदी बारीक. "पाहुणे गेले की लगेच पूर्ववत करणार होतो. त्यांना सोडायला गेलो आणि विसरलो. मुद्दाम नव्हतं हो."

"विसरलात ती चूक," बाई म्हणाल्या. "चूक कुणाच्याही हातून होते. पण तिच्या बापाला स्ट्रेचरवर नेत असताना तुम्ही इथे बसून पुरावा पुसत होतात. आणि मग खापर तिच्यावरच फोडलंत. त्याला मी चूक म्हणणार नाही आणि अहवालातही चूक म्हणून लिहिणार नाही. टॉवर आज चालू होणार नाही."

साहेब उठून गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

शीटवालीच्या हातातला फोन पुन्हा थरथरू लागला. तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली. तिने फोन कानाला लावला आणि आईला तो बाबांकडे द्यायला सांगितलं.

"बाबा," ती एका दमात म्हणाली, "माझी शीट बरोबर होती. चूक माझी नव्हती. खरंच नव्हती, बाबा."

पलीकडचा म्हातारा आवाज खोलीभर ऐकू आला.

"अगं, शीटचं कोण विचारतंय? सकाळपासून फोन करतोय, डबा घरीच विसरलीस ना. काही खाल्लंस का?"

भिंगरीबाईंनी खुर्ची ओढली आणि चक्क बसल्या.