एक सदतीस, एक अडतीस

मी त्या दुकानात बूट घ्यायला गेलेच नव्हते. मला फक्त बसायचं होतं.

औषधांच्या दुकानात नऊ तास उभी होते, त्यात पायात नवे टोकदार बूट. दिसायला राजकन्येचे, वागायला सावत्र आईचे. टाच सोलून निघाली होती. काचेतून आतला लाकडी बाक दिसला आणि मी सरळ शिरले. बूट काढले, आणि कुणी उठवू नये म्हणून समोरचा एक तपकिरी बूट उचलून मोठ्या गंभीरपणे न्याहाळू लागले.

"तो पुरुषांचा आहे."

वर पाहिलं. कमरेला एप्रन, कानामागे पेन्सिल, आणि ओठांत दाबलेलं हसू.

"भावासाठी बघतेय," मी म्हणाले. मला भाऊ नाही.

"बरं. मग बसा निवांत... भावाचं माप आठवेपर्यंत."

त्याने पाणी आणून दिलं, आणि टाचेला लावायला एक चिकटपट्टी. दिवसभर मी याच पट्ट्या विकते, पण माझ्या पर्समध्ये एकही नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"वर्षाला असे किती जोड घेता?" माझ्या बुटांकडे पाहत त्याने विचारलं.

"तीन-चार. स्वस्त असतात."

"चार स्वस्तांच्या पैशांत एक चांगला येतो. तळ झिजला की तेवढाच बदलायचा. आणि चांगला म्हणजे आजीबाईंचा नव्हे, छान दिसणाराही दाखवीन. पण आज नाही."

"का? दुकान बंद करताय?"

"नाही. पण भुकेल्या पोटी बाजारात गेलं की आपण काहीही घेतो ना? दुखऱ्या पायांचंही तसंच. उद्या या... संध्याकाळीच. दिवसभराने पाय जरा फुगतो, तेव्हाचं माप खरं."

आता यात लाजण्यासारखं काय होतं? काही नाही. तरी घरी पोचेपर्यंत ते 'उद्या या' मी मनात वीसेक वेळा तरी म्हणून पाहिलं.

इथे एक कबुली द्यायला हवी. मागच्या वर्षी आमच्याकडे औषधं पोचवणारा एकजण रोज मला "जेवलात का?" विचारायचा. मी ते प्रेम समजले. त्याच्यासाठी मफलर विणला, आणि सगळ्यांदेखत दिलाही. तेव्हा कळलं, तो सगळ्यांनाच विचारतो, झाडूवाल्या मावशींनासुद्धा. महिनाभर दुकानात माझं हसं झालं. तेव्हाच कानाला खडा लावला होता, की कुणाच्या चांगुलपणाला प्रेम समजायचं नाही. पुन्हा तसं झालं असतं तर मला तोंड लपवायला जागा उरली नसती.

म्हणून दुसऱ्या संध्याकाळी मी फक्त गिऱ्हाईक म्हणून गेले. केस विंचरले होते, पण ते गिऱ्हाइकंही विंचरतात.

त्याने कागदावर माझं पाऊल ठेवलं. पेन्सिल करंगळीपासून टाचेकडे हळूच फिरली... आणि मी उगाच छताकडे पाहत राहिले.

"डावा पाय उजव्यापेक्षा थोडा मोठा आहे," तो म्हणाला.

"म्हणजे बिघाड आहे?"

"छे. बहुतेकांचा असतो. फक्त कुणी सांगत नाही."

तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा माप घेतलं.

"काल घेतलं होतं की."

"काल तुम्ही कमी दमला होतात."

हे बुटांविषयी होतं की माझ्याविषयी? रात्रभर उलगडा होईना. चौथ्या दिवशी त्याने गडद हिरवा जोड काढला. मऊ चामडं, बुटकी टाच, बाजूला बारीक बक्कल. पाहताक्षणीच मला आवडला. त्याने तो पायात घालून दिला आणि म्हणाला, "पाच पावलं नकोत, पन्नास चाला." मी चालले, तोही शेजारून चालला, नजर माझ्या पायांवर. एकदाच त्याने वर पाहिलं, आणि मी कपाटाला धडकले.

"टाच सरकतेय?" त्याने घाबरून विचारलं.

"टाच नाही," मी म्हणाले. पुढचं बोलले नाही. पैसे दिले आणि खोकं घेऊन घरी आले.

ताईने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, बूट उलटे केले. ती प्रत्येक वस्तू आधी उलटी करून बघते.

"हा सदतीस आणि हा अडतीस? अगं, तुला वेगवेगळे बांधून दिलेत."

"पण बसतात छान..."

"छान हसणाऱ्या माणसाकडून वस्तू घेताना डोळे उघडे ठेवावेत. उद्या परत करून ये."

खरं सांगते, मला रडू आलं. म्हणजे त्याने इतका जीव लावून दोनदा माप घेतलं, आणि शेवटी खोकं बांधताना त्याचं लक्षही नव्हतं. की मुद्दाम फसवलं? की आणखी काही? तो तिसरा विचार मी लगेच हाकलला. मफलर आठवला.

दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर दुकानाच्या मालकीणबाई होत्या, त्याची मावशी. मी खोकं पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि आत हाक मारली.

"जोड फोडलास?"

तो आला. मला पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"पंचवीस वर्षं दुकान चालवतेय मी," मावशी म्हणाल्या. "कुणाचा पाय लहान-मोठा निघाला तर आत गादी घालून देतो आपण. जोड नाही फोडत. उरलेले दोन कोण घेणार?"

"मी घेतले. पैसे भरलेत."

"तुझा पाय त्रेचाळीसचा."

"माहितीये."

सगळ्यांना गादी मिळते, आणि मला...?

"मला गादी का नाही?" मी विचारलं.

"हा बूट अंगाने बारीक आहे. गादी घातली की टाच वर येते, मग पुन्हा सोलते."

घ्या. पुन्हा बुटाचंच कारण. मी खोकं ओढून घेतलं... आणि थांबले. हसं व्हायचं तर होऊ दे, पण आणखी एक रात्र हा गुंता घेऊन झोपणं मला जमणार नव्हतं.

"हे बुटाचं झालं," मी म्हणाले. "दुसरं काही कारण आहे का? मला उलटसुलट समजण्याची खोड आहे. म्हणून सरळ सांगा. नसेल तरी सांगा."

त्याने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली.

"दुकानात असं बोलायचं नाही, असा मावशीचा नियम आहे."

"मी कधी केला असला नियम?" मावशी चष्म्यावरून म्हणाल्या.

"मग... आहे कारण," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "माप पहिल्याच वेळी बरोबर आलं होतं. दुसऱ्यांदा घ्यायची गरज नव्हती. तुम्ही बूट घेतलेत की येणं बंद होईल, म्हणून लांबवत होतो. आणि शेवटी द्यायचाच आहे, तर न टोचणारा द्यावा... तुम्ही आवडता मला. सांगणार होतो, पण गिऱ्हाइकाला असं सांगितलं आणि ते आवडलं नाही, तर ती बिचारी बूटही घ्यायची नाही."

मला हसू आलं, आणि डोळेही भरले. दोन्ही एकदम आलं की चेहरा कसा दिसतो कोण जाणे. मी बाकावर बसले, हिरवे बूट पायात चढवले, बक्कल लावलं आणि उठले.

"पन्नास पावलांनी काही कळत नाही," मी म्हणाले. "मला बाहेर चालून बघायचंय. तुम्ही याल?"

त्याने एप्रनची गाठ सोडायला घेतली, ती सुटेना. शेवटी मावशींनीच सोडली.

"एकदा रस्त्यावर गेले की परत घेणार नाही हं मी," त्या मला म्हणाल्या.

"नका घेऊ," मी म्हणाले.

बाहेर ऊन उतरलं होतं. आम्ही चौकापर्यंत गेलो, मग पुढच्या चौकापर्यंत. तो अजून अधूनमधून पायांकडे पाहत होता, पण आता मधेच वरही.

"किती चालायचं आपण?" त्याने विचारलं.

"पाय दुखेपर्यंत."

त्याने पुन्हा एकदा माझ्या बुटांकडे पाहिलं. मग अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "मग कठीण आहे. बूट फार चांगले आहेत."