मूळ फाइल सापडत नाही

प्लेअर जोडला आहे

मास्तरांनी आयुष्यात एकाच माणसाकडे सही मागितली, आणि तो माणूस आज समोर बसून घाम पुसत होता.

संगीतकारांनी मास्तरांनी जपलेल्या आपल्याच जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सही ठोकली आणि खिशातून काडेपेटीएवढा, आवाज मुद्रितही करणारा म्युझिक प्लेअर काढला.

"उद्या स्टुडिओत रेकॉर्डिंग आहे. आणि माझ्या नव्या चाली गायब! रिकाम्या हाताने गेलो तर संपलो मी."

लोकांच्या भानगडीतलं नेमकं कुसळ उपसतात म्हणून गुप्तहेरबाईंना सगळे चिमटाताई म्हणत. मास्तर त्यांचे मदतनीस. ताईंनी प्लेअर उलटसुलट करून पाहिला.

"यातून गेल्या कशा?"

"संगणकाला जोडला की तो जुळवणी करतो. संगणकात जे नाही, ते यातूनही पुसतो. काल जोडला, तर चालींची नावं दिसतात, पण प्रत्येकापुढे उद्गारचिन्ह! 'मूळ फाइल सापडत नाही.' घाबरून वायर उपटली. एक चाल तेवढी वाचली."

ती चाल मास्तरांनी कानाला लावली आणि त्यांचे डोळे भरून आले. मागे बारीक टकटक होती. संगीतकारांच्या गुणगुणण्याच्या जरा पुढे दुसरा एक अस्पष्ट सूर धावत होता.

"खोली घुमते वाटतं," मास्तर म्हणाले.

"वरची बंद खोली आहे माझी," संगीतकार म्हणाले. "तिथे एकटा बसून चाली बांधतो. पाखरूही फिरकत नाही."

पुन्हा प्रयत्न करा

संगीतकारांच्या घरी जाऊन वायर बदलून पाहिली. ठीक. संगणक बंद करून चालू केला. ठीक. बाकीची गाणी प्लेअरमध्ये सुरळीत उतरली. उद्गारचिन्हं मात्र जागची हलली नाहीत.

"वरच्या खोलीत दुसरं काही वाजतं?" चिमटाताईंनी त्या खोलीच्या दारावर टिचकी मारली. दार भिंतीसारखं जाड होतं.

"घड्याळसुद्धा नाही."

तिघांपैकी एक निवडा

शिष्य फणकाऱ्यातच आला. "गुरूंशी भांडलो, खरंय. पण चोरायचंच असतं, तर यादीतून नावासकट पुसलं असतं. उद्गारचिन्हं ठेवून जायला मी काय खुळा आहे?"

लेकीने तर कपाळावर हात मारला. "बाबांना हा प्रोग्रॅम मीच शिकवला. दहा वेळा सांगितलं, फाइल बाहेरून हलवू नका, यादीला पत्ता लागत नाही. पण ऐकतील तर शपथ!"

"आईला येतो वापरायला?"

"आईला? तिने तो उघडलासुद्धा नाही कधी."

संगीतकारांची बायको खाली शिलाई मशीनवर होती. पाय थांबवला नाही तिने.

"मला कुठलं कळतंय त्यातलं! ड्रेसचे फोटो उचलायचे, पेनड्राइव्हमध्ये टाकायचे. फोल्डर उघडता येतं, झालं." मग मास्तरांकडे पाहून हसली. "तुम्ही यांचे भक्त वाटतं?"

"आजारपणात त्यांच्याच चालींनी तगलो, वहिनी."

मशीन क्षणभर अडखळलं. मग पुन्हा टकटक सुरू.

चौथा भाग मूळ जागी सापडला नाही

(या भागात मास्तर शिष्यालाच चोर ठरवतात. वगळला तरी चालेल.)

जुळवणी पूर्ण

चिमटाताईंनी सगळ्यांना मशीनभोवती बसवलं.

"प्लेअर निर्दोष आहे. तो आरसा आहे, समोर जे नाही ते दाखवत नाही. चाली पुसलेल्या नाहीत, उचलल्यात. नावं राहिली म्हणजे उचलणाऱ्याने प्रोग्रॅम उघडलाच नाही. थेट फोल्डरमधून काढल्या. शिष्य आणि लेक दोघंही असा माग ठेवणार नाहीत. राहिलं कोण? फोटो उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकणारं."

"तू?" संगीतकार उठलेच. "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस? माझ्याशी दगा?"

"बसा. माझं संपलं नाही." चिमटाताईंनी प्लेअर लावला. "ही टकटक ऐका. वर घड्याळसुद्धा नाही म्हणालात. वहिनी, जरा मशीन चालवा."

तीच टकटक. तीच लय.

"म्हणजे चाल वर नाही, इथे मुद्रित झाली. आणि मास्तर, तुम्ही म्हणालात खोली घुमते. प्रतिध्वनी आवाजानंतर येतो ना? हा सूर तर आधी येतोय. कुणीतरी पुढे गातंय, आणि संगीतकार मागून गिरवताहेत."

लेक आईकडे बघत राहिली.

"शिवताना सुचायचं मला," बायको म्हणाली. "हे शेजारी प्लेअर घेऊन बसायचे. म्हणायचे, तुझा गळा लाजरा, मी पोचवतो लोकांपर्यंत. पोचवलं. माझं नाव तेवढं वाटेत सांडलं." तिने मशीनच्या खणातून पेनड्राइव्ह काढला. "उद्या स्टुडिओत मी जाणार आहे. दगा म्हणा नाहीतर काहीही म्हणा."

संगीतकारांनी लेकीकडे पाहिलं. ती उठून आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

मास्तरांना आजारपणातल्या त्या रात्री आठवल्या. किती श्रद्धेने, आणि कुणाच्या नावाने हात जोडले होते! ते उठले. काखेतलं कव्हर त्यांनी वहिनींपुढे धरलं, पेनही.

"वहिनी, सही."

तिने कव्हर हातात घेतलं, नवऱ्याच्या त्या ऐसपैस सहीभोवती बोट फिरवलं.

"जागा कुठे ठेवलीय यांनी?" ती म्हणाली, आणि कव्हर परत केलं.