राणीच्या नाकाचा टवका

“आज कोणी आत जायचं नाही!” बालाजीराव दारातच कडाडले.

रेवा आणि तिचा दादा देवेश जागीच थबकले. नवरात्राची सुट्टी होती. अड्यारचं हे चिमुकलं संग्रहालय म्हणजे बालाजीरावांच्या तंजावरी घराण्याच्या जुन्या वस्तूंनी भरलेल्या तीन खोल्या. ते रेवाला इतकं आवडलेलं, की आठवड्यातली ही तिची तिसरी फेरी!

“काय झालं, आजोबा?”

“मरप्पाची बाहुल्या गेल्या! लाकडी राजा-राणीची जुनी जोडी! कपाट बंदचं बंद, आणि किल्ली एकट्या राममूर्तीकडे. संध्याकाळपर्यंत सापडली नाही, तर पोलीस!”

पहारेकरी राममूर्ती स्टुलावर डोकं धरून बसले होते. रेवाच्या शंभर प्रश्नांना न कंटाळता उत्तरं देणारे तेच. “वीस वर्षं इथं आहे मी,” ते एवढंच म्हणाले. राममूर्तीमामा आणि चोर? शक्यच नाही!

तिने पटकन वही उघडली.

“झालं! निघाली हिची वही!” देवेश हसला. “लोक तलवारी बघतात, ही बाहुल्यांची नाकं!”

“गप रे! ऐक, मंगळवारी लिहिलंय. ‘राणीच्या नाकाचा टवका उडालाय. अंगावर कपडेसुद्धा नाहीत. तिला काचेत कंटाळा येत असेल का?’”

वाचता वाचता तिची नजर पुढच्या खोलीतल्या गोलूवर गेली. सात पायऱ्यांवर नवरात्रातली बाहुल्यांची आरास, आणि सगळ्यांत वर जरीच्या कपड्यांतलं एक जोडपं.

“दादा, मंगळवारी तर या पायऱ्या रिकाम्या होत्या!”

देवेशने आत शिरून हात पुढे केला. “अय्यो, हात नको!” राममूर्ती स्टुलावरून उठत ओरडले. “मांडलेला गोलू विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत!”

मग देवेश स्टुलावर चढला आणि त्याने मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहिला. “रेवा! नाक! टवका उडालाय!”

तेवढ्यात बालाजीरावांच्या पत्नी अंबुजाक्का प्रसादाच्या उसळीचं, सुंडलचं पातेलं घेऊन आल्या. “का ओरडता रे? सासूबाईंची जोडी ती! दरवर्षी घरच्या गोलूत असते, यंदा गोलू इथं मांडला. सणाला तिला काचेत कोंडू? दुसरी किल्ली माझ्या जुडग्यात आहे की!”

“मला सांगितलं नाहीस?”

“गोलूत मरप्पाची असते, हे काय सांगायचं? कालपासून चारदा इथून गेलात. एकदा तरी मान वर केलीत?”

बालाजीरावांचा चेहरा पडला. ते राममूर्तींसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. “चुकलो रे. शोधायच्या आधी तुला दोषी धरलं.” मग ते रेवाकडे वळले. “बाहुल्या माझ्या, पण नाक तू पाहिलंस. शाबास! आता रिकाम्या कपाटातली पाटीही तूच लिही.”

रेवाने लिहिलं, ‘आम्ही दोघं नवरात्रात पुढच्या खोलीत आहोत. नवे कपडे घातलेत. बघायला या!’

राममूर्तींनी पाटी काचेमागे ठेवली, कुलूप लावलं, आणि कितीतरी वेळाने ते हसले.

“खाली अजून एक ओळ लिही, कण्णा,” ते लाडाने म्हणाले. “दुसरी किल्ली अंबुजाक्कांकडे!”